सहाव्या दिवशी

सेक्रेटरी मी उशिरा पोचल्यामुळं झालो.
शाहूपुरी पाचव्या गल्लीत, आमच्या पार्किंगमध्ये मीटिंग होती,
मी पेट्रोल भरायला थांबलो, तोवर
बारा फ्लॅटनी एकमतानं माझं नाव लिहून टाकलेलं.
तेव्हापासून मोटरची किल्ली माझ्याकडं.

किल्ली हातात आली की सगळ्यांचं पंचांग पाठ होतं.
रमजानात पहाटे चारला उठायचं,
नदाफांच्या घरी पाणी पोचायला हवं उजाडायच्या आत.
एकोणतिसाव्या रात्री दिलावर बेल वाजवून सांगतो,
"काका, चांद नाही दिसला. उद्यापण."
नाताळात रूथ आवळेबाईंच्या चांदणीची वायर
जिन्याच्या मीटरवर.
बिल सदतीस रुपयांनी वाढलं,
तळमजल्याच्या इंगवल्यांनी हरकत घेतली, लेखी.
बाईंनी सदतीसची चिल्लर पाकिटात घालून दिली, वर केक.
इंगवल्यांनी केक खाल्ला.
हरकत मागं घेतली नाही.

आणि भाद्रपदात, पंचमीपासून,
आमच्या बरोब्बर वरच्या मगदूमांचं दशलक्षण.
त्रिशलाताई दिवसातनं एकदाच जेवतात,
नळाच्या तोंडाला दुहेरी पांढरं कापड बांधतात,
गाळलेलं पाणी उकळून घेतात,
दिवस मावळला की तेही बंद.
म्हणून त्या दहा दिवसांत संध्याकाळची मोटर साडेचारला.
एवढं केलं की झालं, असं वाटायचं मला.
खरं सांगायचं तर
मी स्वतःला जरा चांगला माणूसच समजायचो.

पाचव्या दिवशी आमचे गौरी-गणपती जातात.
सहाव्या दिवशी सकाळी सातला
अख्ख्या कोल्हापूरसारखा मीही मटणाच्या रांगेत.
घरी कांदा-खोबरं भाजलं जातं,
तांबड्याला तर्री येते, पांढऱ्याला खसखस वाटली जाते,
पोरं कुकरच्या शिट्ट्या मोजतात.
तेवढ्यात वर खिडकी लागल्याचा आवाज.
"डास झालेत," मी म्हणायचो.
असे नऊ भाद्रपद गेले.

चतुर्दशी झाली की क्षमावणी.
त्रिशलाताई दारात येतात, गाल आत गेलेले,
मागं सुकुमारराव, चप्पल बाहेर काढून.
"उत्तम क्षमा. वर्षभरात कळत-नकळत
आमच्याकडनं मन दुखावलं असेल तर माफ करा."
मी दरवर्षी "अहो, कशाला, कशाला,"
आणि चहा घेणार का विचारायचो.
गेल्या वर्षी मात्र त्यांचे जोडलेले हात बघताना
एकदम ती खिडकी आठवली.
विचारलं.
"वारा तुमच्याकडनं वर येतो," त्या म्हणाल्या,
"त्याला तुम्ही काय करणार?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी आम्ही नाही शिजवत.
त्या चक्क रागावल्या.
"असलं काही करू नका.
व्रत माझ्या तोंडाला आहे, तुमच्या चुलीला नव्हे.
पोरं पाच दिवस वाट बघत असतात."
चहा नकोच म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या.
एकेक पायरी, कठड्याला धरून.

यंदा सहाव्या दिवशी रांग तीच, मटण तेवढंच.
फक्त हिनं खिडकी लावली, आमची,
आणि एक्झॉस्टच्या भोकात जुनी उशी कोंबली.
घरभर खाट.
धाकटा ताट घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसला.
रस्सा आधीच झणझणीत, त्यात हे;
आम्ही खोकत, नाक पुसत, एकमेकांना हसत जेवलो,
आणि ही म्हणाली, पुढच्या वर्षी तुम्ही करा, मी माहेरी जाते.

जेवून मी टाकी बघायच्या निमित्तानं गच्चीवर गेलो.
जाताना वाकून पाहिलं.
मगदूमांची खिडकी उघडी होती,
गजाला ते पांढरं कापड वाळत घातलेलं.

खाली आलो तर साडेचारला चार मिनिटं कमी.
किल्ली घेतली.
त्याआधी हात दोनदा धुतले.